गॅलरीत पट्टा फिरत नाही : एका मर्दानी पटकथेचा प्रकरण अभ्यास

प्रकरण एका मराठी चित्रपटाच्या पटकथेचं आहे. विषय मर्दानी खेळांचा, गोष्ट काळाचौकीच्या चाळीतली, लेखिका परळमध्येच वाढलेली. दुसरा खर्डा निर्मात्याकडे गेला आणि तिथेच अडकला. निर्माता, वस्ताद आणि फाइट मास्टर अशा तिघांनी तीन तऱ्हेच्या तक्रारी केल्या. एकाचं ऐकावं तर दुसरा नाराज, अशी अवस्था. त्या टप्प्यावर मला पटकथा सल्लागार म्हणून बोलावणं आलं. लेखिकेच्या संमतीने हे लिहितो आहे. चित्रपट अजून व्हायचा असल्यामुळे माणसांची आणि कंपनीची नावं दिलेली नाहीत, पात्रांची बदलली आहेत.

गोष्ट अशी. कावेरीचे आजोबा कोल्हापूरकडून गिरणीत कामाला आले आणि चाळीच्या तळमजल्यावरच्या एका खोलीत त्यांनी तालीम सुरू केली. लाठी, फरी-गदगा, विटा म्हणजे दोरी बांधलेला भाला, दांडपट्टा. १९८२च्या संपानंतर गिरणी गेली, तालीम राहिली. आता चाळ पुनर्विकासाला निघाली आहे. भाडेकरूंची पात्रता यादी तयार होते आहे आणि तालमीच्या खोलीची भाडेपावती कुणालाच सापडत नाही. पावती नाही म्हणजे नव्या इमारतीत जागा नाही. आजोबांचाच दुसरा शिष्य, कावेरीचा चुलतभाऊ सदा, बिल्डरच्या बाजूने उभा आहे.

पाया चांगला होता. मारामारीच्या चित्रपटात सगळा जीव एका भाडेपावतीत अडकवायचा, हे चाळीत राहिलेल्या माणसालाच सुचतं. अडचण पुढे होती.

तीन तक्रारी

निर्मात्याचं म्हणणं सरळ होतं. सहा फाइट आहेत तरी चित्रपट अंगावर येत नाही. आणखी दोन घाला, त्यातली एक अगदी सुरुवातीला, नायिकेच्या एन्ट्रीला. कलाकारांना शिकवायला कोल्हापूरहून आलेल्या वस्तादांनी खर्डा वाचून घेतला आणि विचारलं, यात पट्ट्याच्या जागी तलवार दिली तर काय बिघडेल? फाइट मास्टरचं दुखणं वेगळंच. पाच ठिकाणी लेखिकेने ‘तुफान हाणामारी होते’ एवढंच लिहिलं होतं आणि एका ठिकाणी दोन पानं भरून प्रत्येक वार लिहिला होता : उजवा पाय पुढे, डावीकडून वार, वाकते, फिरते, पुन्हा वार. “ताई, पाच ठिकाणी मला काहीच मिळत नाही,” ते म्हणाले, “आणि सहाव्या ठिकाणी माझं काम तुम्हीच करून ठेवलंय.”

मी खर्डा वाचताना एक साधी गोष्ट करून बघितली. सहाही फाइट गाळून गोष्ट सलग वाचली. कुठेच अडखळायला झालं नाही. भांडणाआधी कावेरी जिथे असायची तिथेच ती भांडणानंतरही होती, फक्त मध्ये काही माणसं आडवी झाली होती. निर्मात्याला जे अंगावर येत नव्हतं ते हेच. वस्तादांना पट्टा खोटा वाटत होता, कारण त्या पट्ट्यामुळे काहीच घडत नव्हतं किंवा अडत नव्हतं. मास्टरला काही मिळत नव्हतं, कारण ‘हाणामारी होते’ या ओळीत कुणाला काय हवं आहे ते नव्हतं. अशा वेळी दोन फाइट वाढवल्या असत्या तर आठ गाळून वाचता आल्या असत्या.

‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’ ही म्हण महाराष्ट्रात शाळकरी पोरालाही पाठ असते. प्रतापगडाखालचा तो प्रसंग १६५९चा. साडेतीनशेहून अधिक वर्षं एक वार लोकांच्या तोंडी टिकला आहे आणि त्या म्हणीत वार कसा केला याचा एक शब्द नाही. कोण मध्ये पडला आणि त्यामुळे कोण वाचला, एवढंच आहे. मी लेखिकेला म्हटलं, तुझ्या प्रत्येक फाइटसाठी अशी एक ओळ लिही : कोण होतं म्हणून काय वाचलं, किंवा काय गेलं. ती प्रामाणिकपणे बसली. सहापैकी दोनच फाइटची ओळ लिहून झाली. बाकीच्या चार फाइटना ओळ नव्हती, म्हणजे गोष्ट नव्हती.

पट्टा हातात चढवल्यावर

पुढचं काम कागदावर होणारं नव्हतं. वस्ताद सकाळी परळच्या एका मैदानात कलाकारांचा सराव घेत होते, तिथे आम्ही गेलो. मी लेखिकेला सांगितलं होतं की बघू नकोस, हातात घे.

दांडपट्ट्याची मूठ लोखंडी आणि पोकळ असते. हात तिच्या आत जातो, आतली आडवी दांडी मुठीत धरायची आणि मुठीचं आवरण कोपराच्या दिशेने चढत येतं. मनगट आत बंद होतं. लेखिकेने सवयीने मनगट वळवायला बघितलं. पात्याचं टोक थोडं हललं, बस. वस्तादांनी तिच्या खांद्यावर बोट टेकवलं. “मनगट इसरायचं, पोरी. हितनं फिरायचं. ह्यो भोसकत न्हाई, फिरतोय. आन् फिराय जागा पायजे.”

मग त्यांनी स्वतः करून दाखवलं. साडेतीन-चार फुटांचं लवचीक पातं, वार खांद्यातून आणि कमरेतून निघतो, पाय पवित्र्यावर पवित्रा घेत राहतात आणि पट्टेकऱ्याभोवती पात्याचं एक रिंगण तयार होतं. चौघांनी घेरलेला एकटा माणूस या शस्त्राने जीव वाचवू शकतो. पण रिंगण थांबलं की तो उघडा पडतो. आणि समोरचा एकदा रिंगणाच्या आत शिरून अंगाला भिडला की एवढं लांब पातं असून नसल्यासारखं. वस्ताद हे सगळं सहज बोलून गेले. हलगीवाला बाजूला ठेका धरून होता, ठेका वाढला की पात्याचा वेग वाढत होता. लेखिकेने पानंच्या पानं टिपून घेतली.

२०२४ साली दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान मिळाला. तेव्हापासून पट्टा मिरवणाऱ्या गोष्टी बऱ्याच येतात आणि त्यात पट्टा नुसता अभिमानाने उंचावलेला असतो. आम्हाला त्या सकाळी मिळालं ते जास्त मोलाचं होतं : हे शस्त्र कुठे चालतं आणि कुठे चालत नाही.

कारण तिच्या खर्ड्यातली मध्यंतराची फाइट होती दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत. चाळीची गॅलरी म्हणजे समोरून माणूस आला तर अंग चोरून वाट द्यायची. एका बाजूला लाकडी कठडा आणि खांब, दुसऱ्या बाजूला दारं, दारांशी पिंपं आणि कुंड्या, वर वाळत घातलेले कपडे. अशा जागेत कावेरी दांडपट्टा फिरवून आठ गुंड लोळवत होती.

गॅलरीतला प्रसंग

दिग्दर्शकाने लगेच तोडगा काढला : फाइट खाली चौकात घेऊ, जागा भरपूर आहे. मी कडाडून विरोध केला. गॅलरीत पट्टा फिरत नाही हीच तर त्या प्रसंगाची गोष्ट होती. ती टाळून चौकात पळणं म्हणजे हातात आलेलं सोडून देणं.

सदाही त्याच तालमीत शिकलेला आहे. पट्ट्याला जागा लागते हे त्याला माहीत आहे. मग तो कावेरीला चौकात का गाठेल? तो तिला गॅलरीतच गाठणार. तालमीची जुनी पावती दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या ट्रंकेत आहे, हे दोघांनाही त्याच संध्याकाळी कळलेलं असतं. एवढं पक्कं झाल्यावर लेखिकेने प्रसंग एका बैठकीत लिहून काढला. आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही इथे देतो.

आधीचा :

‘गॅलरी. रात्र. आठ गुंड. कावेरी दांडपट्टा फिरवत येते. तुफान हाणामारी. एकेक गुंड आडवा होतो. शेवटचा कठड्यावरून खाली कोसळतो. कावेरी विजयी मुद्रेने उभी.’

नंतरचा :

‘दुसरा मजला, गॅलरी. रात्र. पाऊस. सदा टोकाला उभा. पुढे येत नाही, मागेही सरत नाही. कावेरी पट्टा उचलते. पहिलाच वार कठड्याच्या खांबात रुततो. ओढते. निघत नाही. हात मुठीच्या आत. सदा आता चालू लागतो, घाई न करता. कावेरी पट्ट्याकडे बघते. मग हात मुठीतून सोडवून घेते. पट्टा खांबात तसाच.

काकूंच्या दाराशी घासून पालथी घातलेली परात. कडीला ओली छत्री. डाव्या हातात परात, उजव्या हातात छत्री. पवित्रा आपोआप पडतो, फरी-गदग्याचा. सदा तो ओळखतो. पहिल्यांदाच थबकतो.

कावेरी दार अडवते. सदा तीनदा आत घुसायला बघतो. तिन्ही वेळा परात मध्ये येते. चौथ्या वेळी तो दाराचा नाद सोडतो, वळतो, खांबातला पट्टा हिसका देऊन काढतो आणि जिना उतरतो.’

यात किती माणसं लोळली? एकही नाही. पण ओळ लिहून झाली : कावेरी दारात होती म्हणून पावती वाचली आणि आजोबांचा पट्टा गेला. मध्यंतरानंतर प्रेक्षक परत येऊन बसतील ते या दुसऱ्या अर्ध्यासाठी.

फरी-गदगा हा सरावाचा खेळ. फरी म्हणजे लहान ढाल, गदगा म्हणजे कातडं चढवलेली काठी. पहिल्याच खर्ड्यात लहानगी कावेरी “हे पोरांचं आहे, मला पट्टा द्या” म्हणून फरी फेकते असा एक प्रसंग होता आणि पुढे त्याचं काहीच झालं नव्हतं. ते बीज लेखिकेनेच पेरलेलं होतं. परात आणि छत्री सापडताच ते उगवलं.

शस्त्र बदललं की माणसाचा स्वभाव दिसतो, हे ज्या चित्रपटात मला सर्वांत स्वच्छ दिसलं तो म्हणजे २००० सालचा ‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’. त्यात दोन स्त्रियांची तालमीच्या चौकात लढत आहे. धाकटीकडे काहीही कापून काढणारी एकच तलवार. थोरली एकामागून एक शस्त्र उचलते, त्यातलं एक इतकं जड की ते तिला पेलवतही नाही. थोरलीचा हात कुठल्याही शस्त्राला ओळखतो आणि धाकटीचं सगळं बळ त्या तलवारीत आहे, हे कुणी बोलून दाखवत नाही. लढतीच्या शेवटी मोडकं पातं धाकटीच्या मानेशी येतं आणि थोरली वार करत नाही; उलट धाकटीच तिचा हात कापते. दोघींची नाती त्यात कळतात. लेखिकेने हा प्रसंग पूर्वी बघितलेला होता. या वेळी तिने तो आवाज बंद करून बघितला आणि कोण कुठलं शस्त्र का उचलतं तेवढंच लिहून काढलं.

हंडे की लिंबू

सरावाची दृश्यं ही मार्शल आर्ट चित्रपटाची खरी परीक्षा. इथे खर्ड्यात कावेरी पहाटे नळावरून भरलेले हंडे घेऊन तीन मजले चढते, पुन्हा उतरते, पुन्हा चढते. मागे हलगी. हे कुठून आलं ते लेखिकेने मोकळेपणाने सांगितलं : १९७८चा ‘द थर्टी-सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन’. त्याची पटकथा नी कुआंग यांची. हाँगकाँगच्या शॉ ब्रदर्ससाठी ढिगाने चित्रपट लिहिलेला हा लेखक. दिग्दर्शक लाउ कार-लेउंग स्वतः कसलेला मार्शल आर्टपटू.

त्या चित्रपटाचा मधला मोठा भाग सराव आहे आणि तरी तो खिळवून ठेवतो, कारण प्रत्येक दालनात एक अडथळा आहे आणि अडथळ्यापलीकडे ठोस काहीतरी आहे. पाण्यावर तरंगणाऱ्या ओंडक्यांवरून पलीकडे गेल्याशिवाय जेवण मिळत नाही. बादल्या वाहताना दंडांना सुऱ्या बांधलेल्या असतात, हात खाली आला की स्वतःलाच टोचणार. म्हणजे तिथलं पाणी वाहणं ही नुसती मेहनत नव्हे. हात पसरलेला ठेवणं त्यातून अंगात मुरतं आणि पुढे ते लढताना दिसतं. कावेरीच्या हंड्यांतून पट्ट्याचं काय मुरत होतं? दम वाढत असेल, पण दम तर धावूनही वाढतो.

उत्तर पुन्हा वस्तादांकडून आलं. मर्दानी खेळांच्या प्रात्यक्षिकात पट्ट्याने लिंबू कापतात. लिंबू कधी जमिनीवर असतं, कधी माणसाच्या तळहातावर. बघणाऱ्यांचे डोळे पट्टेकऱ्यावर असतात. वस्ताद म्हणाले, लिंबू धरणाऱ्याकडे बघा. पातं येताना ज्याचा हात हलला, तो स्वतःही गेला आणि पट्टेकऱ्यालाही घेऊन गेला.

त्यावर आम्ही बराच वेळ बोललो आणि पटकथेचा कणा तिथे सापडला. लहानपणी आजोबा दोघांच्या तळहातावर लिंबू ठेवतात. कावेरीचा हात हलत नाही. सदाचा हलतो, पातं बोटाला चाटून जातं, आणि त्या दिवसानंतर आजोबा सदाच्या हाती पट्टा देत नाहीत. सदा वाईट वागतो ते एका पोराला पुन्हा संधी मिळाली नाही म्हणून. पटकथेत सदाचा राग समजावणारी दोन पानं संवाद होते, ते सगळे गळाले. माझ्या मते या संपूर्ण दुरुस्तीतली सर्वांत मोठी कमाई हीच, कारण आता आजोबांकडेही दोष आला. तालीम वाचवायची, पण त्या तालमीत एका मुलावर अन्याय झाला होता हे धरून वाचवायची.

आणि शेवटची फाइट आपोआप सुटली. ती चौकात आहे, पट्ट्याला हवी तेवढी जागा आहे आणि पट्टा सदाच्या हातात आहे. कावेरी रिकाम्या हाताने. वस्तादांनी सांगितलेला नियम प्रेक्षकाला तोवर माहीत झालेला असतो : रिंगणाच्या आत शिरलं की पातं निकामी. पण आत शिरायचं म्हणजे फिरत्या पात्याकडे बघत, न बिचकता, एक पाऊल टाकायचं. तळहातावर लिंबू धरून उभी राहिलेली मुलगीच ते टाकू शकते. हंड्यांनी हे कधीच दिलं नसतं.

मास्टरचं पान, निर्मात्याचा खर्च

मास्टर जुने, मुंबईत हिंदी-मराठी दोन्हीकडे काम केलेले. नवा खर्डा हातात आल्यावर त्यांनी लेखिकेला जे सांगितलं ते मी आता नवीन लेखकांना जसंच्या तसं सांगतो. “हात कुठे जाईल ते मी बघतो. ती आत्ता घाबरलीय की चिडलीय ते तुम्ही लिहा. फाइट सुरू होताना कोण कुठे उभं आहे आणि संपताना कुणाच्या हातात काय आहे, ते मला पक्कं द्या. मधलं माझं.” त्यांनी गॅलरीतल्या प्रसंगात एकच बदल मागितला : खांबात पातं रुतल्यावर लगेच हात सोडवू नका, मला तिथे थोडा वेळ द्या, सगळी भीती त्या अडकलेल्या हातात आहे. लेखिकेने एक ओळ वाढवली. लिंबाच्या प्रसंगासाठी त्यांनी आधीच बजावलं की खरं पातं सेटवर येणार नाही. बोथट पातं आणि हात वेगवेगळ्या शॉटमध्ये घ्यायचे, म्हणजे मूल पात्याजवळ जाणारच नाही. हे ऐकून लेखिकेने लिहितानाच लिंबू, डोळे, पाय असे तुकडे पाडले.

सहाच्या चार फाइट झाल्या. मराठी चित्रपटाला फाइटचे दिवस महाग पडतात : फायटर, मॅट, सरावाचे दिवस, एका शॉटला लागणारा वेळ. दोन फाइट गेल्याने वाचलेले दिवस मास्टरने गॅलरीसाठी मागून घेतले आणि निर्मात्याने दिले. सेन्सॉरच्या प्रमाणपत्राची त्याची धास्तीही कमी झाली. २०२३च्या कायदादुरुस्तीनंतर यूए प्रमाणपत्रात ७, १३ आणि १६ वर्षं असे टप्पे आले आहेत आणि नव्या खर्ड्यात पातं माणसाच्या अंगाला लागतं ते एकदाच, सदाच्या बोटाला.

करारात एक कलम लेखिकेने आग्रहाने घालून घेतलं : कुठल्याही फाइटची सुरुवात आणि शेवट बदलायचा असेल तर तिच्याशी बोलल्याशिवाय बदलता येणार नाही. मधल्या वारांवर तिचा दावा नाही. अशा चित्रपटाच्या लेखकाने हे कलम मागितलंच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. गोष्ट त्या दोन टोकांवर उभी असते आणि सेटवर घाईगर्दीत पहिली तीच हलतात. खर्डा स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नव्याने नोंदवला, तेही योग्य झालं.

एन्ट्रीचं काय झालं

निर्माता एका मुद्द्यावर अडून राहिला : नायिका पहिल्यांदा दिसेल तेव्हा तिच्या हातात पट्टा हवा. त्याने दाखला दिला तो १९३५च्या ‘हंटरवाली’ या चित्रपटाचा. याच लालबाग-परळच्या परिसरात, लवजी कॅसलमध्ये, तो काढणाऱ्या वाडिया मूव्हीटोनचा स्टुडिओ होता. पुढे तिथेच शांतारामबापूंचं राजकमल उभं राहिलं. त्यातल्या नायिकेला, नादियाला, चाबूक हातात घेतलेली बघायला लोक गर्दी करायचे, मग आपली पोरगी पहिल्या रिळात गप्प का? त्याचं अगदीच चूक नव्हतं. पण तिथेही राजकन्या मुखवटा चढवते त्याला कारण आहे, वजिराने तिच्या बापाला कैद केलेलं आहे. आमच्याकडे पहिल्या पाच मिनिटांत लढायला कारणच नव्हतं.

लेखिकेने मार्ग काढला. एन्ट्री आता गुढीपाडव्याच्या गिरगावातल्या शोभायात्रेत आहे. रस्ता रुंद, गर्दी मागे सरलेली, हलगीचा ठेका, आणि मध्ये कावेरी पट्टा फिरवते आहे. शत्रू कुणी नाही. रिंगण पूर्ण गोल दिसतं आणि कडेचा एक पोरगा पुढे सरकतो तेव्हा म्हातारे आजोबा त्याला मागे ओढतात : “मागं हो, त्याला जागा लागती.” निर्मात्याला त्याची एन्ट्री मिळाली, आणि गॅलरीत पट्टा का अडकला हे पुढे कुणाला समजावून सांगावं लागणार नाही.

पटकथा या रूपात लॉक झाली आहे. शोभायात्रा उभी करायची की खऱ्या शोभायात्रेत कॅमेरा न्यायचा, यावर दिग्दर्शक आणि लाइन प्रोड्युसर यांचं अजून जमलेलं नाही. मी उभी करण्याच्या बाजूने आहे. खऱ्या गर्दीत पट्ट्याचं रिंगण सुरक्षित राखणं कठीण, आणि आजोबांचं ते वाक्य त्या गोंगाटात नीट ऐकू आलं नाही तर मध्यंतराचा प्रसंग लंगडा पडेल.